अंधारातला मूग उंच झाला, म्हणजे तो जास्त वाढला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी दोन वाट्यांत ओल्या कापसावर मूग लावले, एक वाटी खिडकीत, एक कपाटात. आठ दिवसांनी कपाटातले मूग दुपटीनं उंच निघाले. मग 'उजेडाशिवाय रोप जास्त वाढतं' असं वहीत लिहायचं का?

नका लिहू. पट्टी चुकली नाही, पण पट्टीला फक्त उंची कळते.

कपाटातला मूग बियाण्यातली सगळी शिदोरी दांड्यावर उधळतो. पेशी लांबतात, त्यांत पाणी भरतं, रोप पिवळं आणि लुळं होतं, पानं मिटलेलीच राहतात. नवीन अन्न काही तयार होत नाही, उलट श्वसनात असलेलं जळतं. म्हणून रोपं कडक वाळवून वजन केलं तर ते पेरलेल्या मुगापेक्षाही कमी भरतं. उंची दुप्पट आणि माल कमी!

हे घरी करून बघता येतं. मोजून 50 मूग उजेडात, 50 अंधारात लावा आणि 50 तसेच बाजूला ठेवा. दहा-बारा दिवस जाऊ द्या, कारण उजेडातल्या रोपांचं वजनही आधी घटतं, पानं हिरवी होऊन कामाला लागली की मग भरून निघायला लागतं. रोपं मुळांसकट काढा, गळलेली बीजपत्रं (मुगाच्या दोन डाळी) आणि टरफलंही गोळा करा. तिन्ही ढीग आपल्या खान्देशी उन्हात वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. ओल्या वजनावर जाऊ नका, सकाळी पाणी घातलं की ते वाढतं.

काट्याचं मात्र बघा. मी पहिल्यांदा स्वयंपाकघरातला काटा वापरला. 50 मूग म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम, त्यामुळे तिन्ही ढिगांना त्यानं तोच आकडा दाखवला. शेवटी जळगावला ओळखीच्या सराफाकडे गेलो. सोन्याच्या काट्यावर मुगाची पुडी बघून दुकानातलं गिऱ्हाईक हसलं, पण मिलिग्रॅममधला फरक तिथेच दिसला.

हे झालं वाढीचं. विकास, म्हणजे रोपानं पुढच्या अवस्थेत जाणं, निराळा, आणि त्याचा उलटा दाखला आमच्या यावलकडच्या केळीत आहे. केळीचं जे खोड आपण म्हणतो ते खोड नव्हेच, एकात एक गुंडाळलेली पानांच्या तळाची आवरणं आहेत. खरं खोड जमिनीतला कंद. वरून झाड नुसतं पोंग्यामागून पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, काढताना दिसतं, आणि एक दिवस कंदाच्या शेंड्यावर पानाऐवजी फुलाचा कोंब धरतो. त्या दिवशी टेप लावा, उंची नाही, घेर नाही, कशातच काही कळणार नाही. नंतर तो दांडा आतल्या आत वर चढतो, फूल बाहेर पडतं आणि आपण म्हणतो केळ निसवली. घडाला किती फण्या धरायच्या हे तोवर आत ठरून गेलेलं असतं. मी एका वर्षी निसवणीनंतर खताचा डोस वाढवला होता, फण्या वाढतील म्हणून. फळ थोडं भरलं असेल, फणी एक वाढली नाही.

म्हणून बागेत उंचीपेक्षा पानं मोजलेली बरी. उन्हाळी दिवसांत आठवड्या-दीड आठवड्याला एक पान येतं, थंडीत तेच दोन-तीन आठवड्यांवर जातं. पंचांगातल्या तारखा केळीला कळत नाहीत, ऊब कळते.

माणसाच्या लेकरांचंही तेच. सातपुड्यातल्या अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची पट्टी असते, 11.5 सेंमीच्या आत आला की मूल तीव्र कुपोषित. फार कामाची पट्टी आहे ती. पण लेकरू उभं राहतं का, दोन शब्द जोडून बोलतं का, हे तिच्यावर उमटत नाही, ते ताईंना बघून लिहावं लागतं.

(जगदीशचंद्र बोसांनी रोपाची हालचाल दहा हजार पट मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ बनवलं होतं. मुलीला त्याची गोष्ट जरूर सांगा. पण तेही मोजायचं लांबीच.)

तर वहीत उंचीशेजारी आणखी दोन रकाने आखायला सांगा. एक वाळलेल्या वजनाचा. दुसऱ्यात तारखा: कोंबाची वाकलेली मान सरळ कधी झाली, पहिली जोडपानं कधी उघडली, तीन पात्यांचं पहिलं पान कधी आलं. कपाटातल्या मुगापुढे तो रकाना जवळजवळ कोराच राहील, तो तसाच राहू द्या, खाडाखोड करू नका.