शिकागो विद्यापीठाची स्थापना १८५७ ची की १८९० ची?

दोन्ही साले बरोबर आहेत, कारण एकाच नावाच्या त्या दोन संस्था होत. सिनेटर स्टीफन डग्लस यांनी दिलेल्या दहा एकर जागेवर बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी १८५७ मध्ये स्थापलेले पहिले विद्यापीठ कर्जात रुतत गेले आणि गहाण पडलेली मालमत्ता विमा कंपनीच्या ताब्यात गेल्यावर १८८६ मध्ये कायमचे बंद झाले. आजचे विद्यापीठ बाप्टिस्टांच्याच पुढाकाराने आणि तेल उद्योगपती जॉन रॉकफेलर यांच्या सहा लाख डॉलरच्या देणगीवर १८९० मध्ये वेगळ्या जागी स्थापन झाले. वर्ग १८९२ मध्ये भरू लागले. कायद्याने ही स्वतंत्र संस्था असूनही तिने जुन्या विद्यापीठाच्या पदवीधरांना आपले माजी विद्यार्थी मानले, आणि मला हे फार मोलाचे वाटते, कारण संस्था बुडाली तरी त्यांची पदवी पोरकी राहिली नाही.