टॉर्चने खोड रंगवताना

प्रश्न : रात्री जुन्या झाडाचा फोटो टॉर्चने रंगवून काढते, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून अंधारात झाडावर टॉर्चचा उजेड फिरवते. टॉर्च झगझगीत आहे, तरी खोड पांढरंफटक आणि सपाट येतं. नवा टॉर्च घेऊ का?

उत्तर : नका घेऊ, ताई. आहे त्याच्याच काचेवर बटर पेपरचे दोन थर लावा, म्हणजे उजेड मवाळ होईल आणि खोड पांढरंफटक येणार नाही. सपाटपणाचं कारण मात्र वेगळं आहे : तुम्ही बहुधा कॅमेऱ्याशेजारूनच उजेड टाकताय. खोडाच्या बाजूला जा आणि उजेड सालीला घासत खालून वर न्या. भेगाभेगांत सावली उतरते, मुंग्यांची वाटसुद्धा दिसते. त्या क्षणासाठी मी तासन्‌तास अंधारात काढले आहेत!

कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, शटर ३० सेकंद उघडं. इथून सुरुवात करा. फोकस आधी टॉर्चच्या उजेडात साधून मॅन्युअलवर ठेवा. व्हाइट बॅलन्सही (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर नको. तुम्ही स्वतः फोटोत उमटू नये म्हणून गडद कपडे घाला, एका जागी थांबू नका.

पुढे हवेत उजेडाच्या रेघा काढाल, तेव्हा टॉर्चचा मंद मोड टाळा. बरेच एलईडी मंद होताना भराभर उघडझाप करतात. डोळ्यांना कळत नाही, पण फोटोत रेघ तुटक उमटते.