शिवारातली दिवाळी सुट्टी: तुम्ही विचारा, ताई सांगते

मागच्या अंकात म्हटलं होतं की दिवाळीच्या सुट्टीत पोरांना शेतावर नेताय तर काय विचारायचं ते विचारा, तर पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून एवढे प्रश्न आलेत की चारच घेता येतायत. आमचं शेत मावळात, शाळांच्या सहली आणि शनिवार-रविवारी फॅमिली येतात, त्यामुळे जे सांगतेय ते इकडचं आहे, कोकणात किंवा घाटाखाली थोडं मागंपुढं धरा.

ताई, लेक-जावई न्यू जर्सीला असतात. नात ९ वर्षांची, यंदा दिवाळीला येतेय. तिकडे ऑक्टोबरात ते शेतावर जाऊन भोपळे आणतात, सफरचंदं तोडतात, मक्याच्या शेतात हरवायचा खेळ खेळतात. ती फोनवर म्हणते, आजी तुमच्याकडे फॉल नसतोच का? काय सांगू? — एक आजी, कोथरूड

आजी, सांगा की असतो पण पानं पडत नाहीत! तिकडची झाडं थंडी यायच्या आत पानं टाकतात, आपल्याकडची पाणी संपत आलं की, म्हणून आपली पानगळ फेब्रुवारी-मार्चात. ऑक्टोबरात जमिनीत पाऊस अजून मुरलेलाच असतो, झाडं हिरवीगार, पिवळं पडतं ते भात. आमच्याकडे इंद्रायणी, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेलं वाण, आंबेमोहोराच्या घराण्यातलं, त्यामुळे सकाळी बांधावरनं चाललं तरी वास येतो. कापणी साधारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर म्हणजे नातीची आणि भाताची वेळ जुळतेय बघा.

विळा हातात देऊ नका, ९ वर्षांच्या पोरीला झोडणी द्या. दोन्ही हातांनी पेंढी धरायची आणि फळीवर आपटायची, दाणे सगळीकडे उडतात, नाकात धूळ जाते आणि पोरं हसून हसून वेडी होतात. मग सूप द्या, पाखडताना पहिल्यांदा अर्धे दाणे खालीच सांडणार, सांडू देत, कोंबड्या आहेत. आणि एक लोंबी घेऊन दाणे मोजायला बसवा. मागच्या वर्षी एका पोरानं १३७ मोजले, आईनं परत मोजायला लावले तर १३४ भरले, तीन त्यानं मोजता मोजता सोलून खाल्ले होते. भोपळा पण दाखवा की, आमचा गोठ्याच्या पत्र्यावर चढलेला असतो, तो उतरवायला शिडी लागते.

एका ठिकाणच्या दिवाळी पॅकेजमध्ये हुरडा पार्टी, काजवे, ट्रॅक्टर राईड, रेन डान्स असं सगळं आहे, माणशी १८०० रुपये. जावं का? — दोन मुलांचा बाबा, ठाणे

दादा, काजवे मे अखेर ते जूनचा मध्य, पाऊस नीट लागायच्या आधी. भंडारदऱ्याला, राजमाचीला लोकं तेव्हाच जातात. दिवाळीत काजवे दाखवणारा माणूस एलईडीची माळ दाखवेल. आणि आपण ज्याला हुरडा म्हणतो तो रब्बीच्या ज्वारीचा, ती पेरतातच सप्टेंबर-ऑक्टोबरात, दिवाळीला ती पोरांच्या गुडघ्याला पण लागत नाही. हुरडा डिसेंबर-जानेवारीत, थंडीत, शेकोटीपाशी. तेव्हा जा, मजा येईल.

मी स्वतः गेल्या वर्षी बहिणीच्या पोरांना घेऊन अशाच एका ठिकाणी गेले होते, म्हटलं बघू दुसरे लोक काय करतात. सकाळी नऊला डीजे, बैलगाडीच्या एवढ्या फेऱ्या की बैलांच्या तोंडाला फेस आलेला आणि मिसळीच्या लायनीत पाऊण तास गेला. सहा तासात पोरांच्या हाताला माती लागली नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, बुकिंगच्या आधी फोन करून एवढंच विचारा की आत्ता तुमच्या शेतात काय उभंय? जो पटकन सांगेल की अमुक वावरात भात आहे, तमक्यात झेंडू आणि कडेला घेवडा चढलाय, तिथं जा. जो म्हणेल सर मी तुम्हाला ब्रोशर पाठवतो, त्याला सोडा.

मुलगा ५ वर्षांचा, मोबाईल सोडत नाही. शेतावर नेला तरी दहा मिनिटात बोअर होतो. काहीतरी सोपं सांगा. — त्रासलेली आई, नाशिक

मोठं काही करू नका, त्याला कुसळ दाखवा. माळावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळी गवत पिकतं, काळपट लांब शेपट्या एकमेकींत गुंतून त्यांची वेणी झालेली असते. त्यातलं एक सुटं करा, टोक टोचरं असतं म्हणून तुम्हीच काढा आणि डोळ्यांपासून लांब धरा. त्याच्या तळहातावर ठेवा, वर पाण्याचा एक थेंब टाका आणि गप्प बसा. थोड्या वेळात ते आपोआप गोल फिरायला लागतं, खरंच! शेपटीला पीळ असतो, ओली झाली की पीळ सुटतो, वाळली की परत बसतो, अशी ओलं-सुकं होत होत ती बी जमिनीत स्क्रूसारखी घुसते. दरवर्षी एखादं पोरगं विचारतंच की याच्यात सेल कुठंय.

दुसरं म्हणजे कोळी, पण त्यासाठी सकाळी सातच्या आत बांधावर पाहिजे, जाळ्यांवर दव असतं तोवर. एका कोळ्याच्या जाळ्यात मधोमध पांढऱ्या धाग्याची फुली असते, सिग्नेचर स्पायडर म्हणतात त्याला, आणि तो आठ पाय दोन-दोन जोडून बरोब्बर त्या फुलीवर बसतो. बसतो म्हणजे बसते, ती मादी. नर कुठंय ते पोराला शोधायला लावा, जाळ्याच्या कडेला एवढासा टिकलीएवढा असतो, सापडायला वेळ लागतो, तेवढा वेळ मोबाईल गेला. जाळं मोडायचं नाही हे मात्र आधीच बजावा.

आणि घरी आल्यावर पँटवरनं आघाडा, गोखरू वेचायला बसवा, तो पण कार्यक्रमच आहे. (ती पँट मशीनमध्ये टाकू नका, माझा अनुभव आहे.)

भात कापणीच्या दिवसात साप निघतात म्हणतात. मुलांना न्यायचं का? — नवी मुंबई

निघतात. भातात उंदीर असतात, उंदरांमागं साप येतात. घोणस तर पेंढ्याच्या रंगात दिसतसुद्धा नाही, कुकरची शिट्टी झाल्यासारखा फुत्कार ऐकू आला की आहे तिथंच थांबायचं आणि हळूच मागं यायचं. बूट आणि फुल पँट लागतेच, सँडल घालून आलेल्या पोरांना मी वावरात सोडत नाही, आईबाप रागावले तरी. पेंढ्याच्या ढिगात, बिळात, दगडाखाली हात घालायचा नाही, अंधार पडला की बॅटरीशिवाय बाहेर नाही. चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिक तर अजिबात नाही. माणसाला कमीत कमी हलवायचं, १०८ ला फोन लावायचा आणि सरळ सापाचं इंजेक्शन मिळेल अशा सरकारी दवाखान्यात न्यायचं. जिथं बुकिंग करताय त्यांना विचारा असा दवाखाना जवळ कुठला, त्यांना माहीत नसेल तर तिथं जाऊ नका.

जाता जाता, किल्ल्यासाठी माती मिळेल का असं तिघांनी विचारलंय. मिळेल, पैसे नाहीत, फक्त गोणी तुमची आणा आणि ती डबल आणा, एका काकांची नव्या गाडीच्या डिकीत फुटली होती. हळीव किंवा मोहरी वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधीच पेरा, नाहीतर लक्ष्मीपूजनाला किल्ला टकलाच राहतो.