‘सुट्टीत मी दिवसभर ओरडतच असते’

हिवाळ्याची सुट्टी लागून आठवडा उलटला, की सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या आया बहुधा एकाच वाक्याने सुरुवात करतात. शब्द थोडे इकडचे तिकडे. ‘मी अशी नव्हते हो, पण सुट्टीत मी दिवसभर ओरडतच असते.’ त्याला जोडूनच पुढचं, ‘बाकीच्यांच्या घरी सगळं छान चाललंय, मलाच जमत नाही.’

त्यातल्या एकीची ही गोष्ट. तिला विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी साडेतीनची. ती घरून काम करणारी, नवऱ्यानेही सुट्टीत थोडी रजा काढलेली. खुर्चीत नीट टेकायच्या आत तिने सांगून टाकलं, ‘काल मी इतकी ओरडले की तो टेबलाखाली जाऊन बसला. बाहेरच येईना.’ आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

आधी माझी चूक सांगते. मी तिला वेळापत्रक आखून दिलं. सकाळी चित्रकला, मग ठोकळे, मग गोष्ट, असं नीटनेटकं. शाळेमुळे दिवसाला जो सांगाडा असतो तो सुट्टीत निखळतो, मुलं सैरभैर होतात, हे खरंच आहे. पण चार दिवसांनी ती आली तेव्हा आधीपेक्षा जास्त दमलेली. फ्रिजवर चिकटवलेला तो कागद म्हणजे आपण कशात कशात कमी पडलो याची यादीच झाली होती. मी म्हटलं, ‘काढून टाका तो.’ तिला हसू आलं. ‘मुलीने कालच फाडला.’

मग दुसरं काम दिलं, आणि तेही तिच्यापुरतंच. आवाज चढला की फक्त वेळ लिहायची आणि त्या क्षणी आपण काय करत होतो ते. मुलं काय करत होती ते लिहायचं नाही. तिला हे विचित्र वाटलं, कारण तिच्या मते सगळा प्रश्न मुलांचाच होता.

पाच दिवसांची वही उघडली तर ‘दिवसभर’ कुठेच नव्हतं. दोन पट्टे होते. एक सकाळी साडेअकराच्या आसपास, दुसरा संध्याकाळी पाच ते सात. मधले तास बरे गेले होते, काही तर चक्क मजेत. सकाळच्या पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक नोंदीपुढे एकच गोष्ट: ‘लॅपटॉप उघडला होता’, ‘मेल बघत होते’, ‘एकच फोन करायचा होता’. ती मुलांसोबत जमिनीवर बसलेली असायची, पण नजर पडद्यावर. तिला एकदम आठवलं, म्हणाली, ‘परवा हा मला म्हणाला, आई, तू अर्धीच इथे आहेस. मी त्यावरही ओरडले.’

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला होता. आई तान्ह्या बाळाशी नेहमीसारखी खेळते आणि मग काही वेळ चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून, हात पुढे करून, आवाज काढून तिला परत बोलावू पाहतं. जमलं नाही की तोंड फिरवतं, रडतं. सहा वर्षांचा मुलगा म्हणजे तान्हं बाळ नव्हे, त्यामुळे तो प्रयोग जसाच्या तसा इथे लावणार नाही. पण आई समोर आहे आणि तरी नाही, हे लहान मुलाला फार सोसत नाही. तो बहिणीला ढकलतो. आई ताबडतोब पूर्णच्या पूर्ण हजर होते, ओरडत का होईना.

म्हणून सकाळचं कोडं सोपं निघालं. काम करायचं तर दार लावून पाऊणएक तास, आणि त्या वेळी मुलांची जबाबदारी दुसऱ्या माणसाकडे. त्याआधी वीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पूर्णपणे मुलांची.

आणखी एक, ‘दोघं मिळून शहाण्यासारखे खेळा’ हा हुकूम बंद. साडेतीन वर्षांच्या मुलांना पुष्कळदा शेजारी बसून आपापलं खेळायचं असतं. अमेरिकेतल्या संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्येच मुलांच्या खेळाचे हे प्रकार नोंदवून ठेवलेत. सहाच्या मुलाला नियम हवे असतात, धाकटीला नियम म्हणजे काय तेच नीट माहीत नसतं. दोन सतरंज्या, दोन डबे ठोकळे. भांडणं संपली नाहीत, पण कमी झाली.

‘दुसरा माणूस’ हा भाग मात्र सोपा नव्हता. तिसऱ्या भेटीला मी नवऱ्यालाही बोलावलं. माणूस चांगला. म्हणाला, ‘मॅडम, मी तर हिला रोज विचारतो, सांग काय मदत करू?’ ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी त्याला विचारलं, ‘मुलीचे गरम मोजे कुठे असतात?’ माहीत नव्हतं. ‘ती चिडली की कशाने शांत होते?’ ‘हिलाच विचारावं लागेल.’ तो मनापासून ओशाळला. मदत करणाऱ्याला सूचना द्याव्या लागतात, आणि सूचना देणं हेही कामच आहे. शिवाय ते कोणाला दिसत नाही. ठरलं असं, की रोज पाऊण तास मुलं पूर्ण त्याच्या ताब्यात. त्या वेळात त्याने तिला काही विचारायचं नाही आणि तिने मध्ये पडायचं नाही. उलटा स्वेटर घातला तरी चालेल. हे दुसरं कलम पाळणं तिलाच जास्त जड गेलं, तेही तिने हसत कबूल केलं.

राहिली संध्याकाळ. इथे कारण मनात कमी आणि शरीरात जास्त होतं. ‘बाहेर थंडी आहे, सर्दी होईल’ म्हणून मुलं दिवसभर घरात. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि बंद खोलीत माणसं दाटीने बसली की ती जास्त पसरते. अंगभर कपडे घालून बाहेर खेळल्याने काही बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० तरी दम लागेल अशी. झोप १० ते १३ तास. या घरात सुट्टी म्हणून निजायला रोज अकरा वाजत होते, आणि दिवस लहान असल्याने खेळायचं सुचेपर्यंत अंधार. साचलेली ऊर्जा आणि अपुरी झोप, दोन्हींचा हिशेब पाच वाजता चुकता व्हायचा.

त्यांनी बाहेर जायची वेळ सकाळी नेली, उजेडात. निजायची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे आणली.

टीव्हीबद्दल तिला फार अपराधी वाटत होतं. त्याच मार्गदर्शनात या वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास म्हटलं आहे, कमी असेल तर उत्तम. माझा आक्षेप तासापेक्षा वेळेला होता. भांडण पेटलं की लावायचा, म्हणजे भांडलं की मिळतो हे मुलं दोन दिवसांत शिकतात. ठरल्या वेळी, भांडण व्हायच्या आधी, अर्धा तास लावा आणि त्या वेळात स्वतः शांत बसा.

आणि टेबलाखाली बसलेल्या मुलाचं काय? ‘त्याला जाऊन सांगा की मी ओरडले ते चुकलं.’ ती चमकली. ‘माफी मागितली तर डोक्यावर बसतील ना?’ नियम मागे घ्यायचा नाही, आवाज मागे घ्यायचा. ढकलायचं नाही हे कायम, पण माझं ओरडणं चूक. तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘कधी?’ तो विसरला होता की आणखी काही, मला माहीत नाही. तिला मात्र त्या रात्री झोप लागली.

सगळ्यांचं एवढ्यावर भागेल असं नाही. हात उगारला जात असेल, मुलं तुमच्या चाहुलीने दचकत असतील, शाळा सुरू झाल्यावरही चिडचिड तशीच राहत असेल, मुलं झोपल्यावरही तुम्हाला झोप येत नसेल, तर वही पुरणार नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, सुट्टी संपायची वाट बघू नका. स्वतःला किंवा मुलांना इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी.

शेवटच्या आठवड्यातल्या वहीत तीन नोंदी होत्या. त्यातली एक नवऱ्याच्या अक्षरात. ‘साडेअकरा. मी ओरडलो. फोन हातात होता.’ पुढच्या सुट्टीच्या पंधरा दिवस आधीची वेळ त्यांनी घेऊन ठेवली आहे. त्यासाठीचा फोनही या वेळी त्यानेच केला.