अल्फा वन ड्राइव्हवर ४०० हॉर्सपॉवर: मजबूत करावा की बदलावा?

तुमच्या बोटीत ५.७ लिटरचं, २६० हॉर्सपॉवरचं व्ही-८ इंजिन आहे आणि मागे मर्क्रुझरचा अल्फा वन हा स्टर्नड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लटकणारा आणि इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणारा गिअरचा भाग. आता इंजिन ४०० च्या घरातलं घ्यायचंय, आणि आहे तोच ड्राइव्ह आतून मजबूत करून चालेल का, असं विचारलंय.

अल्फा असेल तर नाही चालणार. पैसे ओतून तो थोडा जास्त टिकेल, पण ४०० चा होणार नाही. खुद्द मर्क्रुझरने तो साधारण ३०० पर्यंतच्याच इंजिनांना जोडला. त्यापुढे ब्राव्हो हा त्यांचाच मोठा ड्राइव्ह, ४३० ची इंजिनंही त्याच्यावर आली. आणि ५२५ ला ब्राव्हो एक्सआर, हा त्याचाच दणकट प्रकार. मजबूत करायचाच तर ब्राव्होपासून सुरुवात करा.

आता ‘मजबूत’ म्हणजे नक्की काय, हे मी एक ड्राइव्ह मोडून शिकलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

मोठ्या बोटीच्या मागची लाट आडवी कापत होतो. बोट उडाली, पंखा पाण्याबाहेर आला, इंजिन रेस झालं आणि माझा हात थ्रॉटलवर तसाच. बोट खाली आदळली, मागून एकच ‘ठक्’ आलं. त्यानंतर इंजिन मजेत चालू, बोट जागच्या जागी. ओढून आणली. खालचा ड्रेन स्क्रू काढला तर तेल काळपट, वर चांदीचा वर्ख विरघळावा तशी झाक. वरचा भाग उघडला तेव्हा पिनियनचे (जोडीतल्या फिरवणाऱ्या गिअरचे) दोन दाते गेलेले होते. पण मुळापासून नव्हे, फक्त बाहेरच्या टोकाचे कोपरे उडालेले. मेकॅनिकने शाबूत दाते पुसून दाखवले. घासून आलेली चकाकी दात्याच्या मध्यावर हवी, ती सगळी बाहेरच्या टोकाला सरकली होती.

सगळी मेख इथेच आहे. स्टर्नड्राइव्हमध्ये ताकद दोनदा काटकोनात वळते: वर एक बेव्हल (तिरक्या दात्यांच्या, शंकूच्या आकाराच्या) गिअरची जोडी, मधे उभा शाफ्ट, खाली दुसरी जोडी. बेव्हल गिअर फिरताना एकमेकांना दूर ढकलतात. टॉर्क जितका जास्त तितकं ढकलणं जास्त. भोवतीचं घर ॲल्युमिनियमचं, ते किंचित फाकतं. डोळ्याला दिसणार नाही इतकंच, पण तेवढ्यानेही दाते पूर्ण रुंदीवर न टेकता टोकावर टेकतात आणि सगळा भार त्या कोपऱ्यावर येतो. त्यामुळे नुसते भारी गिअर टाकून त्याच लवचिक घरात बसवले, तर भारी गिअरचे कोपरे उडतात, एवढाच फरक.

म्हणून ब्राव्होवर मी आधी वरचं झाकण बदलेन. वरचं बेअरिंग तेच दाबून धरतं. मूळ ओतीव झाकणाऐवजी अखंड ठोकळ्यातून कापलेलं जाड झाकण मिळतं, ते लवत नाही. मग गिअरची जुळणी. शिम (पातळ चकत्या) घालून बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) आणि दात्यांमधली ढिलाई नीट बसवायची, दात्यांना रंग लावून हाताने फिरवायचं आणि ठसा कुठे उमटतो ते बघायचं. हे काम किचकट आहे, घाईत असलेला माणूस ते ‘अंदाजाने बसतंय’ म्हणून उरकतो. तुम्ही ठसा बघायला समोर उभे राहा. गिअरवर छर्ऱ्यांचा मारा करणं, दाते आरशासारखे गुळगुळीत करून घेणं, हे उपाय खरे आहेत, पण जुळणी चुकली असेल तर सगळं वाया. गिअर अतिथंड करून घेण्याचं मला फारसं कौतुक नाही.

‘किती हॉर्सपॉवर’ हा तसा अर्धाच प्रश्न. ड्राइव्हला कळतो तो टॉर्क. ४०० हॉर्सपॉवर ४६०० आरपीएमला मिळत असतील तर टॉर्क सुमारे ६१९ न्यूटन-मीटर, तेच ५८०० ला मिळत असतील तर सुमारे ४९१. तुमच्या २६० च्या इंजिनाचा, ४८०० धरले, तर ३८६ च्या आसपास. हे सगळे आकडे कमाल पॉवरच्या वेळचे आहेत, मधल्या आरपीएमला टॉर्क याहून जास्तच असतो. सुपरचार्जर लावलात तर खालच्या आरपीएमपासूनच दणका बसतो. शिवाय ड्राइव्हमध्ये १.५ चं रिडक्शन (गिअरने फेरे कमी करण्याचं प्रमाण) असेल तर पंख्याच्या शाफ्टवर हाच टॉर्क दीडपट. बोट जड असेल तर ड्राइव्हचे आणखी हाल, कारण हलकी बोट निदान पुढे सटकते तरी.

अल्फाहून ब्राव्होवर जाताना एक गोष्ट लोक विसरतात. अल्फाचा पाण्याचा पंप खाली ड्राइव्हमध्येच असतो, ब्राव्होला तो इंजिनवर लागतो. म्हणजे पंप, त्याच्या नळ्या आणि ट्रान्समवरची (बोटीच्या मागच्या भिंतीवरची) जोडणी हेही खर्चात धरा. क्लचही वेगळा: अल्फात खालच्या भागात खाचांचा, ब्राव्होत वरच्या भागात शंकूचा. ट्रान्समचं लाकूड मात्र आधी ठोकून बघा. आवाज बद्द आला तर इंजिनाची स्वप्नं बाजूला ठेवा.

इंजिन बसवल्यावर अलाइनमेंट बार (इंजिन ड्राइव्हच्या रेषेत बसलंय का ते तपासायचा दांडा) ट्रान्सममधल्या गिम्बल बेअरिंगमधून इंजिनाच्या मागच्या कपलरमध्ये (जोडणीत) दोन बोटांनी सरकला पाहिजे. हातोडीने घालावा लागला तर कपलरचे खाचे आणि बेअरिंग दोन्ही जाणार. यू-जॉइंट (कोनातून फिरणारे शाफ्टचे सांधे) जाड घ्या. ड्राइव्ह वर उचललेला असताना जोर लावू नका, कोन वाढला की तेच कटकट करायला लागतात.

पंखा बदलावाच लागेल. पिच, म्हणजे पंखा एका फेऱ्यात हिशेबाने जितका पुढे सरकतो ते अंतर, एक इंच वाढवली की साधारण १५० ते २०० आरपीएम उतरतात, त्या हिशेबाने पूर्ण थ्रॉटलला इंजिन त्याच्या ठरलेल्या पट्ट्यात येईल असा निवडा. हब (पंख्याचा मधला भाग) बदलता येणारा घ्या. काही आदळलं तर हबचा प्लास्टिकचा गाभा जाऊ दे, गिअर नको.

वेग वाढला की स्टिअरिंगची ढिलाई जाणवायला लागते, बाहेरून लावायचे हायड्रॉलिक सिलिंडर तेव्हा बघू. ड्राइव्ह शॉवर मात्र आधीच लावा. वेगात वरचा भाग पाण्याबाहेर असतो आणि सगळ्यात तापतोही तोच, त्यावर पाण्याची धार पडत राहते. स्वस्तातला उपाय आहे.

बाकी सगळं तुमच्या उजव्या हातावर. बोट पाणी सोडतेय असं वाटताक्षणी थ्रॉटल मागे, पंखा पुन्हा पाण्यात रुतला की मग पुढे. स्थिर भार ड्राइव्ह बराच सोसतो. हवेत मोकाट फिरणारा पंखा एकदम पाण्यात अडकतो तो झटका दाते तोडतो. हे जमेना म्हणत असाल तर ३०० च्या आतलं इंजिन घ्या आणि अल्फाच ठेवा, मी तरी हसणार नाही.

नव्या गिअरवर पहिले दहा तास पूर्ण थ्रॉटल नको. मग तेल काढून प्लगचं चुंबक बोटांत चोळून बघा. राखाडी मऊ लेप चालतो, टोचणारा कीस नाही. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बेलोज (सांध्यांवरची रबरी घडीची नळी) आणि सील तपासा. माझ्या दुसऱ्या ड्राइव्हचा हा तिसरा मोसम, चुंबकावर अजून लेपच आहे.