सुधारणांवरून सत्ताधारी पक्ष दुभंगलेला आणि राज्याची निवडणूक तोंडावर, अशा वेळी नेतृत्वाने माघार घ्यावी का? २००५ च्या जर्मनीतून काय शिकायचं?

ज्यांना पुढचं वाचायचं नाही त्यांच्यासाठी उत्तर आधीच देतो. माघार घेऊ नये. पण ज्या एका कलमावर आपल्याच कार्यकर्त्याची लोकांच्या दारात दातखीळ बसते, ते कलम निवडणुकीआधी बदलावं. नेते हे करत नाहीत, कारण त्यांना त्यात नाक कापल्यासारखं वाटतं. नाक शाबूत राहतं आणि राज्य जातं.

तुम्ही म्हणता ते उदाहरण म्हणजे २२ मे २००५ ची नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाची निवडणूक. जर्मनीतलं सगळ्यात मोठ्या लोकसंख्येचं राज्य, कोळसा-पोलादाचा रुहर भाग, आणि १९६६ पासून तिथे मुख्यमंत्री एसपीडीचाच (डावीकडे झुकलेला पक्ष, तेव्हा देशातही सत्तेत). त्या रविवारी एसपीडीला ३७.१ टक्के, उजवीकडच्या सीडीयूला ४४.८. एसपीडीचे मुख्यमंत्री श्टाइनब्रुक गेले, सीडीयूचे रुटगर्स आले. आपल्याकडे ही गोष्ट एकाच चालीवर सांगतात: एसपीडीचे चान्सेलर (देशाचे सरकारप्रमुख) श्रोडर शूर, त्यांनी देशाला बेकारी भत्ते कापायचं कडू औषध पाजलं, पक्षातल्या डाव्यांनी पाय ओढले, म्हणून राज्य गेलं. आमचे भावोजी (थोरल्या ताईचे यजमान) गणपतीत, लग्नात, एकदा तर बाराव्यालाही हीच चाल लावून बसलेत. त्यांचा रोख श्रोडरवर नसतो, माझ्यावर असतो. म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

आधी त्या पाय ओढण्याचा हिशोब करू. फुटून निघालेल्या डाव्यांनी वेगळा पक्ष काढला होता, डब्ल्यूएएसजी नावाचा. त्याला या निवडणुकीत मिळाले २.२ टक्के. दोन मोठ्या पक्षांतलं अंतर होतं ७.७. म्हणजे फुटीरांची सगळी मतं परत ओंजळीत घातली असती तरी खड्डा भरला नसता. बरं, नाराज लोक घरी बसले म्हणावं, तर मतदान २००० च्या ५६.७ टक्क्यांवरून ६३ वर गेलेलं. एसपीडीची एकूण मतं फारशी घटलीच नाहीत, सीडीयूची मात्र जवळपास दहा लाखांनी वाढली. लोक उठून, कपडे करून, विरोधात मत द्यायला गेले. हे घरभेद्यांचं काम नव्हे.

आता आमच्या पतपेढीची गोष्ट. हसू नका, नोकरांच्या पतपेढीच्या निवडणुकीत जेवढं राजकारण असतं तेवढं विधानसभेत नसतं. मी मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक उपक्रमात नोकरीला होतो, भावोजीही तिथेच. सभासद हजारोंनी, त्यामुळे विभागवार प्रतिनिधी निवडायचे आणि त्यांनी सर्वसाधारण सभेत बसायचं, अशी पद्धत. आमचं पॅनेल वर्षानुवर्षं सत्तेत. परळचा विभाग म्हणजे आमचा गड, तिथे समोरच्यांना उमेदवार मिळायची मारामार.

२००० नंतर नोकरभरती आटली. नवीन येणारे सगळे कंत्राटी, त्यांना सभासद करता येईना. जुने निवृत्त होणार, शेअर्स आणि ठेवी घेऊन जाणार. शिवाय आमच्याकडे निवृत्तीच्या वेळी कल्याण निधीतून एक रक्कम द्यायची प्रथा होती, जितकी वर्षं सभासद तितकी मोठी रक्कम. हा निधी काही वर्षांत खडखडीत होणार हे कुणीही सांगितलं असतं. अध्यक्षांनी सुधारणा मांडल्या: लाभांश खाली आणायचा, तातडीच्या कर्जाला एक जामीनदार वाढवायचा, वार्षिक भेटवस्तू बंद (त्या वर्षी कुकर ठरला होता), आणि निवृत्तीला सरसकट सगळ्यांना एकच रक्कम. संचालक मंडळात मीही होतो. पहिल्या तीन गोष्टींना मी हात वर केला. चौथीला म्हटलं, पंचवीस वर्षांच्या वरच्या सभासदांना एक पायरी ठेवा, भले रक्कम कमी करा. खजिनदारही माझ्या बाजूने. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, संख्या आपल्याकडे आहे, समजावत बसायचं नाही. भावोजी त्यांचा उजवा हात. दुसऱ्या दिवशी परिपत्रक फलकावर.

नेमक्या त्याच महिन्यात परळच्या प्रतिनिधींची निवडणूक. गेट मीटिंगला मला पाठवलं, कारण परळ माझं माहेर, वडील तिथल्याच गिरणीत होते. लाभांशाचं सांगितलं, लोकांनी ऐकलं. जामीनदाराचं सांगितलं, थोडी कुरकुर. कुकरवर शिट्या. मग निवृत्तीला टेकलेले एक फिटर पुढे आले. आवाज न चढवता म्हणाले, ‘साहेब, मी लागल्यापासून पगारातून वर्गणी कापून घेताय. काल चिकटलेल्या पोराला आणि मला एकच आकडा? मग मी एवढी वर्षं काय भरलं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण उत्तर नव्हतंच. अध्यक्षांकडेही नव्हतं, पण ते तिथे नव्हते. आमचे परळचे कार्यकर्ते मागे उभे होते, त्यातला प्रत्येक जण स्वतः वीस-पंचवीस वर्षांचा सभासद. त्यांनी पत्रकं वाटली, चहा पाजला, एकाही खात्यात जाऊन तोंड उघडलं नाही. काय उघडणार? परळ गेलं. सगळ्याच्या सगळ्या जागा गेल्या.

आता जर्मनीतला फिटर बघा. जुन्या पद्धतीत नोकरी गेली की आधी विम्यातला बेकारी भत्ता, वय जास्त असेल तर तब्बल ३२ महिन्यांपर्यंत. तो संपला की बेकारी साहाय्य, शेवटच्या निव्वळ पगाराच्या निम्म्याहून थोडं जास्त, आणि त्याला मुदत नाही. श्रोडर यांनी १४ मार्च २००३ ला संसदेत ‘अजेंडा २०१०’ मांडला. त्यातून ज्येष्ठांचा भत्ता १८ महिन्यांवर यायचं ठरलं, बाकीच्यांचा १२ वर. पुढचं साहाय्य आणि गरिबांचा निर्वाह भत्ता १ जानेवारी २००५ पासून एकत्र झाले. हाच तो ‘हार्ट्झ-४’ नावाचा कायदा. पश्चिमेत महिना ३४५ युरो, पूर्वेत ३३१, घरभाडं वेगळं. त्याआधी बचत किती, जोडीदार काय कमावतो, सगळं अर्जात भरून द्यायचं. डॉर्टमुंडमधला तीस वर्षं विमा भरलेला पोलाद कामगार दीड वर्षात जिथे येणार, तिथेच आयुष्यात कधी काही न भरलेलाही असणार. ‘मग मी एवढी वर्षं काय भरलं?’ हा प्रश्न तिथेही कुणीतरी दारात विचारलाच असेल, आणि एसपीडीचा जो कार्यकर्ता समोर उभा असेल तो बहुधा त्याच कारखान्यातल्या युनियनचा.

पक्षाच्या अधिवेशनात अजेंडा मंजूर झाला होता, १ जून २००३ ला, जवळपास नव्वद टक्क्यांनी. भावोजी हा आकडा फार फेकतात. अहो, अधिवेशनात हात वर करायला काय लागतं! चान्सेलर राजीनाम्याची भाषा करत असेल तर मीही केला असता. हात वर करणारा माणूस त्यानंतर गल्लीत जाऊन बोलतो का, ते मोजा. १९९८ साली पावणेआठ लाख असलेले एसपीडीचे सभासद २००५ अखेर सहा लाखांच्या खाली आले होते. त्यातल्या बहुतेकांनी वेगळा पक्ष काढला नाही, भांडण केलं नाही. सभासदत्वाच्या पुस्तिका परत केल्या आणि गप्प बसले. मार्च २००४ मध्ये श्रोडर यांनी पक्षाध्यक्षपद म्युंटेफेरिंग यांच्याकडे दिलं, कार्यकर्त्यांना जवळचा वाटेल असा माणूस म्हणून. पण माणूस बदलला, कलम बदललं नाही.

आणखी एक गोष्ट हरण्याला कारण झाली, ती निव्वळ हिशोबाची. दोन योजना एकत्र केल्यावर निर्वाह भत्त्यावरचे काम करू शकणारे लोकही बेकारांत मोजले जाऊ लागले. जानेवारी २००५ ला आकडा पन्नास लाखांच्या वर. बेकारी हटवण्यासाठी आणलेल्या कायद्यानेच महिनाभरात बेकारीचा विक्रम केला, आणि पुढच्या काही महिन्यांत राज्याची निवडणूक! नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात एकट्यात दहा लाखांवर बेकार. कायद्याची तारीख ठरवताना कॅलेंडर कुणी बघितलं होतं की नाही, देव जाणे.

भावोजींचं दुसरं आवडतं वाक्य म्हणजे ‘हरल्यावर साहेबांनी मर्दासारखा राजीनामा दिला’. आमच्या अध्यक्षांनी परळच्या निकालाच्या रात्रीच मंडळ विसर्जित करायचं जाहीर केलं, मुदत बाकी असताना, आम्हाला न विचारता. प्रशासक आला, पुढे निवडणूक झाली आणि पॅनेल गेलं. श्रोडर आणि म्युंटेफेरिंग यांनीही त्याच रविवारी संध्याकाळी देशाची निवडणूक आधी घ्यायचं जाहीर केलं. तिथे चान्सेलरला थेट संसद बरखास्त करता येत नाही, म्हणून १ जुलैला स्वतःवरचा विश्वासठराव मुद्दाम हरायचा, मग राष्ट्राध्यक्षांनी २१ जुलैला संसद विसर्जित करायची, असा द्राविडी प्राणायाम झाला. यात मर्दपणा कसला? आपल्याच माणसांशी बसून बोलण्यापेक्षा सगळ्या देशाला मतदानाला लावणं सोपं वाटलं, इतकंच. राज्यांच्या सभागृहात त्यांचं बहुमत आधीच नव्हतं आणि मित्रपक्ष ग्रीन यांच्याबरोबरचं शेवटचं राज्य सरकारही आता गेलं होतं, हे खरं. कारभार अवघड होता. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे.

आणि आता तो भाग, जो मी भावोजींना ऐकवतो आणि ते टीव्हीचा आवाज वाढवतात. नवीन पॅनेलने आमच्या सुधारणांचं काय केलं? लाभांश खालीच ठेवला, जामीनदार तसेच ठेवले. निवृत्तीच्या रकमेत जुन्या सभासदांसाठी पायरी आणली. म्हणजे मी आणि खजिनदार जे मागत होतो तेच, आणि टाळ्या त्यांना. (कुकरही परत आला, तो मात्र मूर्खपणा होता.) जर्मनीत? तो रुटगर्स, ज्याने राज्य जिंकलं, त्यानेच २००६ मध्ये सीडीयूच्या अधिवेशनात ज्येष्ठांचा भत्ता वाढवायचा ठराव करून घेतला. मग एसपीडीही २००७ मध्ये जागी झाली. २००८ पासून ५८ वर्षांवरच्यांना २४ महिने मिळू लागले. पक्षातले टीकाकार ज्यासाठी घसा कोरडा करत होते ती गोष्ट शेवटी झालीच, फक्त राज्य आणि चान्सेलरपद गेल्यावर झाली. तोवर लाफॉन्टेनसारखा माजी पक्षाध्यक्ष समोर जाऊन बसला होता आणि २००९ ला एसपीडी २३ टक्क्यांवर आली.

भाचा शिकायला डॉर्टमुंडला गेला आणि तिथेच राहिला. आम्ही सगळे त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याने एसेनची झोलफेराइन खाण दाखवली. खाण १९८६ ला बंद झाली, आता जागतिक वारसा आहे. आपल्या गिरण्यांचे मॉल झाले, त्यांनी निदान खाणीचा मनोरा ठेवला. भावोजी त्या मनोऱ्याखाली उभे राहून म्हणाले, ‘बघ, बदल कुणाला चुकलाय?’ मी म्हटलं, बदल नको असं म्हणालो कधी मी? ताई म्हणाली, दोघांनी गप्प बसा, बस जाईल.

काही गोष्टी तुमच्यासाठी सांगायला हव्यात. हार्ट्झनंतर बेकारी खरोखर उतरली, २००८ मध्ये तीस लाखांच्या खाली आली. त्यात कायद्याचा वाटा किती आणि निर्यातीच्या तेजीचा किती, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. त्यामुळे सुधारणा फसली असं मी म्हणत नाही, आमच्या पतपेढीतलीही फसली नव्हती. दुसरं, एका कलमावर सूट दिली की उद्या दहा जण दहा कलमं घेऊन येतात, ही भीती खोटी नाही. पण त्यासाठी नेत्याला नाही म्हणता यायला हवं, आणि दहातलं एक कुठलं खरं आहे ते ओळखता यायला हवं. ते समितीने किंवा सर्वेक्षणाने कळत नाही, गेटवर जावं लागतं.

तिसरी गोष्ट माझ्या विरोधात जाते, तरी लिहितो. ती आधी घेतलेली निवडणूक श्रोडर जवळजवळ जिंकले होते. मतचाचण्यांत फार मागे असताना १८ सप्टेंबरला त्यांचा पक्ष ३४.२ वर आला आणि सीडीयूच्या मेर्केल यांची युती ३५.२ वर. एका टक्क्याने चान्सेलरपद गेलं. एसपीडी मात्र सरकारात राहिली, निम्मी मंत्रिपदं घेऊन. म्हणजे जुगार अगदीच वाया गेला नाही. भावोजींना हा आकडा अजून सापडलेला नाही. त्यांच्या फोनवर हे उत्तर कुणी पाठवणार असाल तर हा परिच्छेद कापून पाठवा.