मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यात मज्जारज्जू दबला असेल, तर ऑपरेशन टाळता येतं का?

नुसती मान दुखत असेल तर काही वेळा थांबता येतं. पण शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, चालताना तोल जातो, चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, अशी लक्षणं असतील तर थांबू नका. तिथून श्वासाच्या स्नायूंकडे जाणाऱ्या नसाही खाली उतरतात. आणि मालिश किंवा 'मान मोडून घेणं' तर अजिबात नको!

रुमॅटॉइड संधिवातात या दोन मणक्यांना बांधणारा अस्थिबंध सैल पडतो, वरचा मणका पुढे सरकतो आणि मज्जारज्जू चिमटतो. गोळ्यांनी किंवा पट्ट्याने सरकलेलं हाड कायमचं जागेवर बसत नाही. म्हणून मागच्या बाजूने दोन्ही मणक्यांत स्क्रू घालून ते जोडतात, बहुधा कमरेच्या हाडाचा तुकडाही लावतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात असताना डॉ. अतुल गोयल यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेली अशी पद्धत आज जगभर 'गोयल तंत्र' म्हणून ओळखली जाते.

किंमत एकच मोठी: मान वळवणं जवळजवळ निम्म्यावर येतं. गाडी मागे घेताना जाणवेल. शेजारून मेंदूची रक्तवाहिनी जाते, त्यामुळे हे काम नेहमी करणारा सर्जनच शोधा. गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.